दीड पाऊल मागे

सांगलीत बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. सगळ्यात जास्त खपतात त्या क्रिकेटच्या बॅटी, मग बॅडमिंटनची फुलं, मग कॅरमची पावडर. फुटबॉल वर जाळीत टांगलेले असतात आणि त्यांच्यावरची धूळ मी स्वतः पुसतो. गिऱ्हाईक बॅट हातात तोलता तोलता भिंतीवरच्या फोटोकडे बघतं आणि विचारतं, "हे तुम्हीच का?" मी हो म्हणतो. कुठं खेळलात? गोवा, कोलकाता, केरळ, मग मालदीव. गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर जरा आदर येतो, आणि पाठोपाठ तो प्रश्न येतोच.

"गोल किती मारले?"

दोन. चौदा वर्षांत दोन, आणि त्यातला एक आपल्याच जाळ्यात. गिऱ्हाईक पुन्हा बॅटीकडे वळतं.

या अंकाचे संपादक दुकानात आले होते तेव्हा म्हणाले, "परदेशातल्या गमतीजमती लिहा." गमती होत्या, नाही असं नाही. पण लिहायला बसलो तर एकच गोष्ट पुढं येऊन उभी राहते, आणि ती काही गमतीची नाही. तिच्यापर्यंत पोचायला आधी माझा धंदा सांगावा लागेल.

मी बचावपटू होतो, मधल्या जागेवरचा. आमच्याकडं त्याला स्टॉपर म्हणतात. गोल मारणाऱ्याचं काम दिसतं, गोलकीपरनं घेतलेली झेप दिसते. आमचं काम म्हणजे काहीतरी होऊ न देणं, आणि न झालेल्या गोष्टीचा फोटो पेपरात येत नाही. नव्वद मिनिटं समोरच्या गड्याच्या अंगाला अंग लावून उभं राहायचं, पंचाच्या नजरेआड कोपर कुठं ठेवायचं हे शिकायचं, आणि दर चार-पाच सेकंदांनी मान वळवून मागं बघायचं. ही शेवटची सवय माझी अजून गेलेली नाही. बायको बाजारात माझ्याबरोबर चालायला तयार नसते. "मागं कोण येणार हाय तुमच्या? चोर समजतील लोकं," म्हणते.

समोरच्या गड्याशी बोलायचं नाही, हे मी कोलकात्यात शिकलो. तिथं एक उतारवयाचा फॉरवर्ड होता, गोड बोलणारा. पहिल्या मिनिटापासून तो माझ्याशी माशांबद्दल बोलत होता. कुठला मासा कधी घ्यावा, मोहरी किती वाटावी. मी आष्ट्याचा माणूस, माझं माशांचं ज्ञान यथातथाच, म्हणून कौतुकानं ऐकत राहिलो. एकदा त्यानं वाक्य अर्धं सोडलं आणि मी पुढच्या शब्दाची वाट बघत असताना तो गोल मारून आला. येताना वाक्य पूर्ण केलं. त्या दिवसापासून मैदानात माझं तोंड फक्त आपल्या माणसांसाठी उघडायला लागलं.

आष्ट्यात फुटबॉल कुणी खेळत नव्हतं. मामा फौजेत होते, त्यांनी एका सुट्टीला रेजिमेंटचे जुने बूट आणले आणि मला साताऱ्याच्या क्रीडा वसतिगृहात नेऊन सोडलं. तिथल्या सरांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "तू मागं उभा राहा." आयुष्यभर मागंच उभा राहिलो. तक्रार नाही. मागून सगळ्यांच्या पाठी दिसतात, आणि माणूस दमलाय की भ्यालाय हे पाठीवरून आधी कळतं.

एकतिसाव्या वर्षी इथल्या क्लबांनी मला नाही म्हणायला सुरुवात केली तेव्हा मालेच्या एका क्लबाचं बोलावणं आलं. मालदीवची राजधानी. तासाभरात चालून फेरी पूर्ण होते एवढंसं बेट, त्यावर चिकटून उभ्या इमारती, आणि सगळीकडून समुद्र. लोकांना वाटतं मालदीव म्हणजे पांढरी वाळू. मला मिळाली तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, जिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. सराव संध्याकाळी. दिवसभर करायला काही नाही आणि बोलायला कोणी नाही. पहिल्या महिन्यात मी आमच्या उसाच्या पट्टीतल्या मातीचा वास आठवायचा प्रयत्न करायचो आणि तो यायचा नाही. एकटेपण म्हणजे काय ते मला तिथं कळलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून ते माझ्याबरोबरच आहे.

शेजारच्या खोलीत रुस्तम होता. उझबेकिस्तानचा, कापसाच्या गावातला, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. क्लबनं बचावाच्या मधल्या दोन्ही जागांसाठी परदेशी माणसं घेतली होती, एक तो आणि एक मी. मी फोनवर नाव सांगितलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं होतं, "रुस्तम? पैलवान हाय का?" होताही तसाच. मान अशी की शर्टाचं वरचं बटण लागायचं नाही.

त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला त्याची भाषा येत नव्हती. पण एक दिवस त्यानं भिंतीवर दोनदा टकटक केलं, दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चोय?" हातात किटली होती. चहा म्हणजे चोय, हे कळायला भाषांतर लागलं नाही. मग आम्हाला नाद लागला. दोस्त त्यांच्यातही दोस्तच. किताब, बाजार, दुनिया. वर बोट दाखवून तो म्हणाला "ओस्मोन", मी म्हणालो "अस्मान", आणि कुस्तीत अस्मान दाखवतात ते त्याला जमिनीवर आडवं पडून समजावलं. तो हसून हसून भिंतीला टेकला. रोज संध्याकाळी सरावाच्या आधी टकटक, आणि "चोय?" एवढ्या वीस-पंचवीस शब्दांवर आम्ही दीड वर्ष काढलं. मला त्याहून चांगला शेजारी पुन्हा मिळाला नाही.

मैदानावर मात्र शब्द कमी पडून चालत नाही. आमच्या धंद्यात एक गोष्ट चौघांना एकदम करावी लागते. बचावाचे चार गडी एका रेषेत उभे असतात. समोरचा संघ पुढं चेंडू टाकणार असं दिसलं की एकजण हाक देतो आणि चौघं एकाच क्षणी पुढं सरकतात. समोरचा फॉरवर्ड आपोआप आपल्या पाठीमागं राहतो, म्हणजे ऑफसाइड होतो आणि त्याचा डाव फुकट जातो. पण चौघांतला एक जरी मागं राहिला तरी रेषा त्याच्यापाशी मोडते. मग तो फॉरवर्ड ऑफसाइड राहत नाही, आणि त्याच्या पुढ्यात गोलकीपरशिवाय कुणी नसतं.

हाक रुस्तमनं द्यायची असं ठरलं. आवाज त्याचा मोठा. शब्द मी दिला. आबा औताच्या बैलांना जी हाक घालायचे तीच, "चल्ल रं!" ती त्याला फार आवडली, आणि एका उझबेक माणसानं मालेच्या स्टेडियममध्ये आष्ट्याच्या शिवारातली हाक घातली की माझे पाय आपोआप उचलले जायचे. प्रशिक्षकाला वाटायचं ही उझबेक आहे. रुस्तमला वाटायचं हा फुटबॉलमधला भारतीय शब्द आहे. मी दोघांनाही खरं सांगितलं नाही.

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर क्लबात बोलणं सुरू झालं. गोल होत नाहीत, नवा फॉरवर्ड आणायचा. परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते. एक आला की एक जाणार. मागच्या दोघांतला एक जाईल हे उघड होतं, आणि खेळाडू बदलायच्या मुदतीला थोडेच दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात सरावात माझी मांडी मागच्या बाजूनं धरली. फार नाही. जिना उतरताना कळायचं, जोरात पळताना कळायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मीच गेलो असतो. बत्तीस वर्षांचा, पाय दुखावलेला स्टॉपर कोण ठेवतो? मला भीती होती ती परत येण्याची. आष्ट्याच्या चौकात उतरल्यावर लोक विचारतील, का आलास रं एवढ्यात, आणि मी काय सांगणार? म्हणून मांडीला घट्ट पट्टी बांधली, वरून लांब चड्डी घातली आणि उतरलो.

सत्तर मिनिटं निभावलं. मग त्यांच्या मधल्या खेळाडूकडं चेंडू आला, त्यानं मान वर केली, आणि रुस्तमची हाक आली. अगदी वेळेवर. मी शपथेवर सांगतो, वेळेवर. तिघं पुढं गेले. मी पाऊल उचललं आणि मांडीत कळ आली. दीड पाऊल. मी दीड पाऊल मागं राहिलो.

निशाणवाल्या पंचाचं निशाण वर गेलं नाही. त्यांचा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला. मी त्याच्यामागं पळायला हवं होतं, मीच जवळ होतो. पळालो नाही. पलीकडून रुस्तम वळला, बैल उधळावा तसा धावत गेला आणि गोलसमोरच्या चौकटीत त्यानं त्या गड्याला पाडलं. लाल कार्ड. पेनल्टी. आम्ही एका गोलनं हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षक ओरडत होते. रेषा का मोडली? कोण चुकलं? मी बुटाची नाडी सोडत होतो. ती नाडी मी बराच वेळ सोडत होतो. मान वर केली तेव्हा रुस्तमनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं होतं. त्याला येणाऱ्या मोजक्या इंग्रजी शब्दांतले दोन शब्द त्यानं वापरले. "आय. लेट."

मी पुन्हा नाडीला लागलो.

सामन्याचं चित्रण पुन्हा बघायला कुणाला वेळ नव्हता. ज्याला लाल कार्ड मिळालं तो गेला, प्रकरण मिटलं. त्या संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. "चोय?" मी खाटेवर पडून होतो. झोपल्यासारखा पडून राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा टकटक झाली. मग नाही झाली. दोन दिवसांनी रात्री मी सरावाहून आलो तर शेजारची खोली झाडून लख्ख केलेली आणि माझ्या दाराशी त्याची किटली ठेवलेली.

तो मला वाचवून गेला, असं मी मनाशी धरलं. माझा पाय त्यानं ओळखला असणार, जिना मी कसा उतरतो ते त्यानं बघितलं असणार, आणि दोस्त म्हणून त्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं. कुणी आपल्यासाठी एवढं केलं या विचारानं लाज वाटायची, पण आतून थोडं बरंही वाटायचं. त्या बऱ्या वाटण्यावर मी आणखी तीन हंगाम खेळलो. त्याला एकदाही फोन केला नाही. काय बोलणार, आमच्याकडं शब्द तरी किती, असं स्वतःला सांगत राहिलो.

यंदा आषाढात सांगलीच्या एका क्रीडा मंडळानं माझा सत्कार केला. कारण काय, तर संपूर्ण कारकिर्दीत एकही लाल कार्ड नाही. सज्जन बचावपटू. शाल, नारळ, आणि काचेचं एक सन्मानचिन्ह. पाहुण्यांनी माझ्या खिलाडूपणावर भाषण केलं. मी मान खाली घालून बसलो होतो, त्यालाही लोकांनी नम्रता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बेंदराची खांदमळणी होती. चिन्ह घेऊन आष्ट्याला गेलो. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बैल जाऊन बरीच वर्षं झाली, रान आता ट्रॅक्टरनं होतं. पण बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायची रीत त्यांनी सोडलेली नाही. वर्षभर जू वाहून वाहून तो खांदा सोलून निघतो, त्याची ही विचारपूस. आता ते कुंभाराकडून मातीची जोडी आणतात आणि तिच्या खांद्याला बोटानं हळद लावतात. मी गेलो तेव्हा वाटी घेऊन सोप्यात बसले होते.

चिन्ह उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "तुझी एकबी म्याच मी बघितली न्हाई. दाव की कुटली तरी."

मालदीवची एकच मॅच अजून फोनवर सापडते. नेमकी तीच. मला वाटलं, आबांना खेळातलं काय कळतंय, दाखवू.

हात लांब करून, डोळे बारीक करून ते बघत होते. "ह्यातला तू कुटला?"

"पाच नंबर."

तो क्षण आला आणि गेला. रुस्तमला लाल कार्ड दाखवलं. आबा म्हणाले, "जरा मागं घे."

मी मागं घेतलं.

"आनी एकदा."

तिसऱ्यांदा बघून त्यांनी फोन खाली ठेवला. "तीन गडी म्होरं ग्येलं. तू का ऱ्हायलास रं?"

प्रशिक्षकाला दिसलं नाही, क्लबाला दिसलं नाही, पंचानं बघितलं पण बोलला नाही. ज्यानं जन्मात फुटबॉलला पाय लावला नाही त्या माणसाला दिसलं. साठ वर्षं दोन बैलांच्या पाठी बघत चाललेला माणूस तो.

"पाय धरला हुता, आबा."

"मग सांगायचंस की."

आबांनी पुन्हा फोनकडं बोट केलं. "आन ह्यो पळाला त्यो? त्यालाच भायेर काडलं न्हवं?"

"व्हय. रुस्तम. त्यानं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. मला वाचीवलं."

"तसं म्हनाला तुला?"

"न्हाई."

"मग तुला कसं कळलं?"

आबा पुन्हा मातीच्या बैलाला हळद लावायला लागले. बोलताना माझ्याकडं बघत नव्हते. "चुकार बैल संगं आसला की दुसऱ्याचा खांदा सुजतो. पर त्या मुक्या जनावराला काय ठावं, जोडीदार वडत न्हाई म्हून? त्याला वाटतं, जू हाय म्हंजे दुखायचंच." मग काचेच्या चिन्हाकडं मान वळवली. "आन खांदा चांगला कुनाचा ऱ्हातो, त्ये तुला सांगाय नको."

सांगायला नकोच होतं. लहानपणी बाजारात बैल बघताना त्यांनीच शिकवलं होतं. जोडीत ज्याच्या खांद्यावर ओरखडा नाही, तो घ्यायचा नाही.

"इचार त्याला," आबा म्हणाले. "ठावं हाय का न्हाई, इचार."

रुस्तमचा नंबर मिळवायला आठवडा गेला. त्या क्लबाच्या जुन्या गोलकीपरकडं होता. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी फोनमध्ये मराठीत लिहिलं आणि त्याचं उझबेक करून पाठवलं. मांडीचं लिहिलं. पट्टीचं, दीड पावलाचं लिहिलं. तुझी हाक वेळेवर होती, मी मागं राहिलो, हे लिहिलं. झोपेचं सोंग घेतलं होतं तेही लिहिलं. शेवटी विचारलं, तुला हे माहीत होतं ना? वाचल्याची खूण लगेच आली. उत्तर आलं नाही. दोन दिवस मी फोन मांडीवर ठेवून बसलो. एका बाईंना रॅकेटऐवजी चुकून जाळीच बांधून दिली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधी एक फोटो, मिनीबसच्या स्टिअरिंगमागं बसलेला रुस्तम, केस पांढरे झालेले. गावात प्रवासी ने-आण करतो. मग मजकूर. फोननं केलेलं मराठी असं होतं:

"नाही. मला माहीत नव्हते. मी समजत होतो माझी हाक उशिरा गेली. इतकी वर्षे समजत होतो. घरी येऊन एक हंगाम खेळलो. पण हाक देताना भीती वाटत असे. तोंड उघडत नसे. म्हणून खेळ सोडला. मुलांना सांगतो, वडील उशिरा ओरडले."

दुकानात बसून मी रडलो. त्यानं मला वाचवलं नव्हतं. तो खरंच चूक स्वतःची समजत होता, आणि ज्याच्या बोलण्यानं ते फिटलं असतं तो मी भिंतीपलीकडं डोळे मिटून पडलो होतो. आमच्यात शब्द थोडे होते हे खरं, पण छातीवर बोट ठेवायला शब्द लागत नव्हते. ते त्यानं मला करूनही दाखवलं होतं.

काचेचं चिन्ह मी फोटोजवळून काढून खालच्या कप्प्यात ठेवलं. आता तिथं त्याची किटली आहे. गिऱ्हाईक विचारतं ही कशाची, तर मी सांगतो, माझ्या जोडीदाराची. गोल किती मारले हे विचारायचं मग ते बहुधा विसरतं.

त्या मजकुराखाली थोड्या वेळानं रुस्तमची आणखी एक ओळ आली होती.

"पाय आता कसा आहे, दोस्त?"

ती ओळ येऊन बरेच दिवस झाले आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. पाय बरा आहे. तो तेव्हाच, तीन आठवड्यांत बरा झाला होता.